कॉलर

लक्ष्मी रोडवर दिवसभर मी साड्या उलगडते.
इरकल, नारायणपेठ, काठाला काठ लावून परत घडी.
बोटांना कापडाचं सगळं कळतं,
कुठे पीळ आहे, कुठे नुसती खळ,
कुठलं पाण्यात पडलं की आटेल.

रात्री धनकवडी. टायरच्या दुकानावर तिसरा मजला.
डेटॉलचा वास, ओलसर मॅट
आणि माझी गी. कोरडी दीड किलो,
घामाने भिजली की झोपलेलं मूल कडेवर घेतल्यासारखी.
श्रावणात दोन दोन दिवस वाळत नाही.
समोरच्या बर्वेकाकू विचारतात, कराटे का गं?
मी हो म्हणते.
खरं सांगण्याइतका आमचा जिना लांब नाही.

मामा नाना पेठेतल्या तालमीचा.
कान फुटलेले, गुडघा गेलेला, मत शाबूत.
"पिंजऱ्यात पोरी अंगावर काय घालतात?"
तंग बनियन, आखूड चड्डी.
"मग कॉलर कुठून आणणार धरायला?
शेजारणीकडून उसनी?"
आणि चहा बशीत ओततो, कुस्ती मारल्यासारखा.

तौसिफचंही तेच. आठ आठवडे उरलेत,
गी टाक माळ्यावर, ठोसे खायला शीक.
डेरिल सर ऐकून घेतात, पट्टा आवळतात,
म्हणतात, घामावर विसंबू नकोस.
घामाने निसटलीस तर तू नाही सुटलीस,
नुसता घाम सुटला.
कापडात निसटता येत नाही,
कंबर जागेवर न्यावीच लागते,
इंच इंच, रेशनच्या रांगेत सरकतात तशी.
मला पटलं. बुधवारी पटलं,
शुक्रवारी नाही.
बोटांचे सांधे सुजले, टाचणी धरवेना.
शेठ म्हणाले, घरी भांडी फार पडतात का?

चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात लढत लागली.
आदल्या दिवशीच्या लग्नाचा झेंडू
पिंजऱ्याच्या पायाशी तसाच.
समोर कराडची शिवकन्या पिसाळ.
दुसऱ्या फेरीत तिनं मला खाली घेतलं
आणि माझा उजवा हात
आपसूक तिच्या मानेमागे गेला
कॉलर शोधत.
तिथं मान होती फक्त. ओली, गरम.
चार बोटं मिटली, रिकामी.
तेवढ्यात तिचं कोपर आलं भुवईवर.
मामा बरोबर होता,
एवढंच ऐकू आलं मला. बाकी हॉल मुका.

मग ती आडवी पडली छातीवर, सगळं वजन टाकून.
तौसिफनं म्हणे डोळे मिटले.
मला मात्र ते ओळखीचं वाटलं.
ओल्या कापडाखाली
मी ह्याहून वाईट श्रावण काढलेत.
कोपर आत. कंबर इंचभर.
थांब.
पुन्हा इंचभर.
गुडघा शिरला मध्ये, आणि तिच्या श्वासात
पहिल्यांदा घाई ऐकू आली.

गुणांवर हरले. दोन पंच तिच्याकडे, एक माझ्याकडे.
त्या एकाला विचारायचंय अजून,
तुम्ही नेमकं काय बघत होता?

रिक्षात मामा गप्प.
दापोडीच्या पुलावर म्हणाला,
ते खालून कशी निघालीस?
कापडातून, मी म्हटलं.
कापड होतं कुठं?
तेच तर.
त्यावर तो काही बोलला नाही,
फुटका कान चोळत राहिला शिवाजीनगरपर्यंत.

सोमवारी दुकान बंद असतं.
मंगळवारी चार टाके घेऊन गादीवर बसले.
एक बाई आली, मोरपंखी इरकल मागितली.
मी पदर पुढे केला
आणि माझी मूठ मिटली काठावर,
पक्की.
तिनं ओढून पाहिलं, एकदा, दोनदा.
अहो, म्हणाली,
सोडा ना.
बघू द्या.